बल कुणावर, बल कुणाचं? गतीच्या नियमांवर वाचकांचे प्रश्न

या वेळी गतीच्या नियमांवरचे सात प्रश्न घेतले आहेत. विषय बैलगाडीपासून हेल्मेटपर्यंत पसरलेले असले, तरी अडखळण्याची जागा बहुतेक ठिकाणी एकच दिसते: बल कोणत्या वस्तूवर लागतंय आणि ते कोण लावतंय, हे ठरवण्याआधीच बेरीज-वजाबाकी सुरू होते. आकडेमोडीत गुरुत्व त्वरण ९.८ धरलं आहे. त्वरणाचं एकक सगळीकडे मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, ते दरवेळी लिहिलेलं नाही.

प्रश्न : बैल गाडीला जितक्या बलाने पुढे ओढतात, तितक्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते असं तिसरा नियम सांगतो. मग दोन्ही बलं एकमेकांना खोडून काढतील. गाडी हलते कशी? बाई म्हणतात, "ती बलं वेगवेगळ्या वस्तूंवर असतात." ते पाठ झालं, पण पटलं नाही. (नववीतली विद्यार्थिनी, बार्शी)

पटलं नाही हे लिहिलंस ते चांगलं केलंस. बाईंचं वाक्य अगदी बरोबर आहे, फक्त त्याला आकडे जोडून बघायला हवेत.

कागदावर एकमेकांपासून दूर दोन चौकोन काढ. एक बैलजोडीचा, वस्तुमान ७०० किलो. दुसरा भरलेल्या गाडीचा, ९०० किलो. आता प्रत्येक चौकोनावर फक्त त्याच वस्तूवर लागणारी आडवी बलं बाणांनी दाखव.

गाडीवर दोन बलं आहेत. जू आणि दांडीमार्फत बैलांनी पुढे लावलेली ओढ, ७९० न्यूटन. आणि रस्त्याचा चाकांना होणारा विरोध, मागच्या दिशेला, ५२० न्यूटन. वजाबाकी २७० न्यूटन. ९०० किलोने भागलं की त्वरण ०.३.

बैलांवरही दोन बलं आहेत. गाडीने मागे लावलेली ओढ, तीच ७९० न्यूटन, एक न्यूटनही कमी-जास्त नाही. आणि दुसरं बल, जे तुझ्या प्रश्नात आलंच नाही, ते जमिनीचं. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात, म्हणून जमीन त्यांना पुढे रेटते. ते धर १००० न्यूटन. वजाबाकी २१० न्यूटन, भागिले ७०० किलो, त्वरण पुन्हा ०.३. जू एकच असल्यामुळे दोघांचं त्वरण सारखं यायलाच हवं, आणि ते आलं.

बघ, ७९० ची जोडी दोन्ही आकृत्यांत आहे, पण एकाच आकृतीत दोनदा कुठेच नाही. म्हणून ती खोडली जात नाही. बैल आणि गाडी मिळून एकच वस्तू मानलीस तर मात्र ती आतली जोडी खरोखरच नाहीशी होते. मग उरतात बाहेरची दोन बलं, जमिनीची १००० आणि रस्त्याची ५२०. फरक ४८० न्यूटन, एकूण वस्तुमान १६०० किलो, त्वरण पुन्हा ०.३. गाडी हलणार की नाही हे जमिनीचं रेटणं आणि रस्त्याचा विरोध यांतला फरक ठरवतो. बैल आणि गाडी यांच्यातली ओढ दोन्ही बाजूंनी सारखीच असते, गाडी चालत असो, थांबत असो की रुतलेली असो.

एकसारख्या वेगाने चालत्या गाडीत त्वरण शून्य, म्हणून ओढ ५२० वर येते आणि जमीनही बैलांना ५२० नेच रेटते. चाक चिखलात रुतलं की विरोध वाढत जातो. बैल ८०० न्यूटनने ओढत असतील आणि चिखल ८०० ने अडवत असेल, तर गाडी जागेवरच. आणि शेवाळलेल्या ओल्या फरशीवर बैल कितीही ताकदवान असले तरी खूर घसरतात, कारण जमीन त्यांना पुढे रेटूच शकत नाही. ताकद बैलांची खरी, पण त्यांना पुढे नेणारं बल जमिनीचं असतं.

न्यूटनने १६८७ मध्ये हे नियम मांडले, तेव्हा तिसऱ्या नियमाच्या स्पष्टीकरणात दोरीने दगड ओढणाऱ्या घोड्याचंच उदाहरण घेतलं होतं. दगड घोड्याला तेवढ्याच बलाने मागे खेचतो असं त्याने लिहिलं आहे. तुझा प्रश्न त्या उदाहरणाइतकाच जुना आणि तितकाच मोलाचा आहे.

प्रश्न : टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाने वर दिलेला आधार ही प्रतिक्रिया, असं अनेक मार्गदर्शक पुस्तकांत छापलेलं असतं. बरोबर आहे का? (पालक, डोंबिवली)

नाही, आणि ही चूक मुळातून काढायला हवी. वजन आणि आधार ही दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत. तिसऱ्या नियमातली जोडी कधीच एका वस्तूवर नसते. इथे ती दोन बलं सारखी आहेत, कारण पुस्तक स्थिर आहे. ते श्रेय पहिल्या नियमाचं: बलांची बेरीज शून्य असेल तर स्थिर वस्तू स्थिरच राहते.

खरी जोडी ओळखायला वाक्यातल्या नावांची अदलाबदल करा. "पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते" याची जोडी "पुस्तक पृथ्वीला वर ओढतं". "टेबल पुस्तकाला वर रेटतं" याची जोडी "पुस्तक टेबलाला खाली रेटतं". अर्ध्या किलोचं पुस्तक पृथ्वीला ४.९ न्यूटनने वर ओढतं. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो असल्यामुळे तिच्यावर काही परिणाम दिसत नाही, एवढंच.

वजन आणि आधार ही जोडी नाही, याचा पुरावा लिफ्टमध्ये मिळतो. ६० किलोच्या माणसाने वजनकाट्यावर उभं राहून वरचं बटण दाबावं. लिफ्ट १ या त्वरणाने सुटली तर काट्याचा आधार ६० × १०.८ म्हणजे ६४८ न्यूटन होतो आणि काटा ६६.१ किलो दाखवतो. मध्ये एकसारख्या वेगाने जाताना ६०. वरच्या मजल्याशी लिफ्ट मंदावताना ६० × ८.८ म्हणजे ५२८ न्यूटन, काटा ५३.९. पृथ्वीची ओढ सगळा वेळ ५८८ न्यूटनच होती. आधार बदलला, वजन बदललं नाही. खरी जोडी अशी कधीच फुटत नाही. काटा स्प्रिंगचा असला तर हे चांगलं दिसतं. बरेच डिजिटल काटे आकडा स्थिर होईपर्यंत थांबतात आणि तोवर मजला येतो.

प्रश्न : दोन ताणकाटे एकमेकांत अडकवून टेबलावर आडवे ओढले. एक १० न्यूटन दाखवतो, दुसरा ९.५. तिसरा नियम प्रयोगात का जुळत नाही? (विज्ञान शिक्षक, अकोला)

नियम जुळतो, काटे जुळत नाहीत. ताणकाट्याचं शून्य तो उभा टांगलेला असताना लावलेलं असतं. तेव्हा हुकाचं आणि दांडीचं स्वतःचं वजन स्प्रिंगला थोडं ताणून ठेवतं. काटा आडवा केला की ते वजन स्प्रिंगवरून निघतं आणि दर्शक शून्याच्या किंचित मागे सरकतो. दोन्ही काटे वेगळ्या बनावटीचे असतील तर हा फरकही वेगळा. म्हणून काटे आडवे ठेवून, न ओढता, शून्य पुन्हा लावा. शून्याचा स्क्रू नसेल तर चूक लिहून ठेवा आणि प्रत्येक वाचनात मिळवा. टेबलाला घासणारी दांडीही अर्धा न्यूटन सहज खाते, तेव्हा काटे हातात अधांतरी धरून ओढा आणि डोळा दर्शकाच्या नेमका समोर ठेवा.

काटे एकाखाली एक टांगून हा प्रयोग करू नका. वरचा काटा खालच्या काट्याचं वजनही मोजतो. खालचा १२० ग्रॅमचा असेल तर वरचा सुमारे १.२ न्यूटन जास्त दाखवणारच.

मुलं याच वेळी विचारतात, दोघांनी दोन बाजूंनी १०-१० न्यूटनने ओढलं तर मधला एकच काटा २० दाखवेल का? तो १० दाखवतो. भिंतीला अडकवून एकट्याने १० ने ओढलं तरी १०, कारण भिंतही १० नेच ओढत असते.

प्रश्न : कॅरममध्ये बोट सुटल्यावरही स्ट्रायकर पुढे जातो. बोटाचं बल त्याच्यात किती वेळ शिल्लक राहतं? (सातवीतला विद्यार्थी, मडगाव)

जराही नाही. बल ही साठवून ठेवायची वस्तू नाही, ते दोन वस्तूंच्या दरम्यान असतं. बोटाचा स्पर्श तुटला त्या क्षणी बोटाचं बल संपलं. त्यानंतर स्ट्रायकरवर उरतात पृथ्वीची ओढ, बोर्डाचा आधार आणि मागच्या दिशेचं घर्षण. पुढच्या दिशेला काहीच नाही. तो पुढे जातो, कारण जो वेग मिळाला तो बदलायलाही बल लागतं आणि ते काम घर्षण हळूहळू करतं. बोर्डावर पावडर टाकलीस की घर्षण कमी होतं आणि तोच वेग जास्त लांब टिकतो. बोटाने काही जास्त दिलं म्हणून नव्हे, बोर्डाने कमी काढून घेतलं म्हणून.

प्रश्न : एसटीत उभ्याने रोजचा प्रवास आहे. ब्रेक लागल्यावर पुढे झुकायला होतं हे जडत्वामुळे, इतकं माहीत आहे. तोल जाऊ नये म्हणून नेमकं कसं उभं राहावं? आणि बस पूर्ण थांबताना उलट मागे झटका का बसतो? (वाचक, चिपळूण)

"जडत्वामुळे" म्हणून थांबलं की निम्मं उत्तर हातून सुटतं. ब्रेक लागल्यावर तुम्हाला पुढे ढकलणारं कोणी नसतं. बसची फरशी तुमचे तळवे मागे ओढते, म्हणून पाय बसबरोबर मंदावतात आणि धड आधीच्याच वेगाने जात राहतं. अंग सरकत नाही, तळव्यांवरून पुढे कलंडतं.

कधी कलंडेल याचा हिशेब सोपा आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या पातळीला, सुमारे १ मीटर उंचीवर असतो. त्याच्या सरळ खालच्या बिंदूपासून पायांच्या आधाराची पुढची कड जितकी दूर, तितकं जास्त मंदन (वेग कमी होण्याचा दर) सोसतं. ते अंतर भागिले उंची, गुणिले ९.८, ही मर्यादा.

समोर तोंड करून पाय जुळवून उभे असाल, तर ते अंतर फार तर १२-१५ सेंटिमीटर. मर्यादा १.२ ते १.५. खिडकीकडे तोंड करून, बसच्या लांबीच्या दिशेने पाय ४० सेंटिमीटर फाकले, तर अंतर २० सेंटिमीटर आणि मर्यादा जवळजवळ २. पाय ६० सेंटिमीटर फाकले तर जवळजवळ ३. ताशी ५४ किलोमीटरने जाणारी बस ५ सेकंदांत थांबली तर मंदन ३ असतं. म्हणजे काही न धरता, पाय जुळवून उभा असलेला माणूस या साध्या ब्रेकलाही पडतो. यात स्नायूंचा दोष नाही, भूमितीचा आहे.

दांडा धरल्याने किती फरक पडतो पाहा. ६० किलोचा माणूस, पाय ४० सेंटिमीटर फाकलेले, मंदन ३, हात दीड मीटर उंचीवर. हिशेब केला तर हाताला जेमतेम ४२ न्यूटन लावावे लागतात, चार-सव्वाचार किलोची पिशवी उचलण्याएवढं बल. हात जितका उंच, तितकं बल कमी. म्हणून आसनाच्या पाठीऐवजी वरचा दांडा धरणं चांगलं, आणि गुडघे किंचित वाकवले तर उंची कमी होऊन आणखी फायदा.

मागच्या झटक्याचं कारण वेगळं आहे. ब्रेक चालू असताना तुम्ही नकळत अंग मागे रेटून तोल सांभाळत असता. बस थांबते त्या क्षणी मंदन ३ वरून एकदम शून्य होतं, पण स्नायू इतक्या झटपट सैल होत नाहीत. तेवढा वेळ तुमचं रेटणं तुम्हालाच मागे नेतं. कसलेला चालक थांबण्याच्या शेवटच्या क्षणी ब्रेक थोडा सैल करतो. तशी बस थांबली की उभ्या प्रवाशांना काही जाणवतही नाही.

प्रश्न : दुसऱ्या नियमासाठी (बल = वस्तुमान × त्वरण) ५०० ग्रॅमची ट्रॉली, कप्पी आणि टांगलेली वजनं वापरतो. ५० ग्रॅमला उत्तर ठीक येतं, पण वजन वाढवत गेलं की आलेख खाली वाकतो. शिवाय तो आरंभबिंदूतून जात नाही. ट्रॉली बदलावी का? (माध्यमिक शिक्षिका, नांदेड)

ट्रॉली ठेवा. दोन वेगळ्या चुका एकाच आलेखात दिसताहेत.

वाकण्याचं कारण पुन्हा तेच, बल कुणावर? टांगलेल्या वजनावरची पृथ्वीची ओढ फक्त ट्रॉलीला नव्हे, त्या वजनालाही त्वरण देत असते. त्यामुळे भागायचं ते एकूण वस्तुमानाने. ५० ग्रॅमला ट्रॉलीनेच भागलं तर ०.९८ येतं आणि प्रत्यक्षात ०.८९, फरक लपून जातो. १०० ग्रॅमला १.९६ ऐवजी १.६३. २०० ला ३.९२ ऐवजी २.८. टांगलेलं वजन ५०० ग्रॅम केलंत तर ९.८ ऐवजी निम्मंच, ४.९. धाग्यातला ताण टांगलेल्या वजनाइतका नसतो, त्याहून कमी असतो. वजन खाली जाताना वेग घेतं, याचा अर्थच तो.

उपाय सोपा आहे. एकूण वस्तुमान कायम ठेवा. ४०० ग्रॅमची ट्रॉली करा, तिच्यावर २० ग्रॅमची पाच वजनं ठेवा आणि एकेक वजन ट्रॉलीवरून उचलून धाग्याला टांगत जा. एकूण नेहमी ५०० ग्रॅम. अपेक्षित त्वरणं ०.३९, ०.७८, १.१८, १.५७, १.९६. बलावर त्वरणाचा आलेख सरळ येईल आणि त्याचा चढ २ असेल, म्हणजे १ भागिले अर्धा किलो.

आरंभबिंदू चुकतो तो घर्षणामुळे. धागा न बांधता फळीच्या मागच्या टोकाखाली कागदाच्या घड्या एकेक सारत जा आणि दरवेळी ट्रॉलीला हलकी टिचकी मारा. टिचकीनंतर ट्रॉली मंदावतही नाही आणि वेगही घेत नाही, तिथे थांबा. आता उतारामुळे मिळणारं बल घर्षणाची भरपाई करतं. नुसती ठेवलेली ट्रॉली आपोआप सुटेपर्यंत उतार वाढवू नका. थांबलेल्या वस्तूवरचं (स्थितिक) घर्षण चालत्या वस्तूवरच्या (गतिक) घर्षणापेक्षा जास्त असतं, त्यामुळे भरपाई जास्त होते आणि आलेख दुसऱ्या बाजूला सरकतो. ही चूक फार जण करतात.

वेळ मोजण्यात सगळ्यांत जास्त नुकसान होतं. ६० सेंटिमीटर अंतराला पहिल्या वजनाला १.७५ सेकंद लागतात, पाचव्याला ०.७८. हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते. ०.७८ मध्ये ती चौथा हिस्सा, आणि त्वरणात वेळेचा वर्ग असल्यामुळे दुप्पट, जवळजवळ निम्मं उत्तर. त्याऐवजी फळीला चिकटवलेली मोजपट्टी आणि ट्रॉली दोन्ही दिसतील असा मोबाइल स्थिर ठेवून व्हिडिओ घ्या आणि चौकटी (फ्रेम) मोजा. सेकंदाला ३० चौकटी असतील तर एका चौकटीच्या चुकीने पाचव्या वाचनात त्वरण साधारण ८ ते ९ टक्के चुकेल. स्लो मोशनमध्ये १२० चौकटी मिळाल्या तर सुमारे २ टक्के.

काही बारीक गोष्टी. ट्रॉली आणि कप्पीमधला धागा फळीला समांतर हवा, नाहीतर ताणाचा काही भाग ट्रॉलीला वर किंवा खाली ओढण्यात जातो. धागा रबरासारखा ताणला जाणारा नको. ट्रॉली हाताने सोडताना नकळत ढकलली जाते, म्हणून तिच्यापुढे पट्टी उभी धरा आणि ती झटकन पुढे काढून घ्या. चाकं हलकी प्लास्टिकची असावीत. पितळी जड चाकं फिरवण्यातही बल खर्च होतं आणि चढ २ पेक्षा कमी येतो.

प्रश्न : मुलगा म्हणतो, कॉलेज दोन किलोमीटरवर आहे आणि मी स्कूटर हळूच चालवतो, हेल्मेट कशाला? भौतिकशास्त्राच्या भाषेत त्याला काय सांगू? (आई, पुणे)

त्याला सांगा की डोकं रस्त्यावर आदळण्याचा वेग स्कूटरच्या वेगावर फारसा अवलंबून नसतो, उंचीवर असतो. बसलेल्या अवस्थेतून उठताना किंवा उभ्या स्कूटरवरून पाय घसरून पडताना डोकं सुमारे १.६ मीटरवरून खाली येऊ शकतं. तेवढ्या उंचीवरून ते ५.६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाने आदळतं. हळू चालवल्याने उंची कमी होत नाही. समोरच्या गाडीवर किंवा खांबावर आदळलं तर स्कूटरचा वेग त्यात आणखी भर घालतो.

आता दुसरा नियम. वेग शून्यावर येण्यासाठी किती अंतर मिळतं, त्यावर बल ठरतं. अंतर दहापट कमी, बल दहापट जास्त. उघडं डोकं डांबरावर आदळलं आणि ३ मिलिमीटरमध्ये थांबलं असं धरा. मंदन ५२०० च्या वर जातं, गुरुत्व त्वरणाच्या पाचशे पटींहून जास्त. ५ किलोच्या डोक्यावर सुमारे २६,००० न्यूटन. हेल्मेटच्या आतला थर दबून २ सेंटिमीटर अंतर मिळालं, तर मंदन ७८४, म्हणजे ८० पट, आणि बल ३,९०० न्यूटनच्या आसपास. हे सरासरी आकडे आहेत, प्रत्यक्षातला शिखराचा धक्का याहून मोठा असतो. पण दोन्हींमधला फरक आठवण ठेवण्यासारखा आहे.

तो फरक बाहेरच्या कडक कवचामुळे पडत नाही. तो आतल्या थर्माकोलसारख्या थरामुळे पडतो, कारण तोच चुरडून अंतर देतो. एकदा चुरडला की तो पुन्हा फुगत नाही. मोठी आपटी खाल्लेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसलं तरी बदलायलाच हवं. आत थर नसलेली नुसती प्लास्टिकची टोपी थांबायला अंतर देत नाही, म्हणून ती डोकं वाचवत नाही.

घेताना आयएसआय चिन्हाबरोबर आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या मानकाचा आकडा पाहा. घातल्यावर पट्टा लावून, मागची कड दोन्ही हातांनी धरून हेल्मेट पुढे लोटून पाहा. ते कपाळावरून निसटत असेल तर माप मोठं आहे. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याआधीच निघून आपल्या वाटेने जातं. हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये एक-दोन बोटं जेमतेम जातील इतका तो आवळलेला असावा.